चकमकीच्या बंदुकीने हरणाची शिकार: कुणाला अनुभव आहे का?

पंत_पोकोनोवाले

नाताळ आटपला की दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, आमच्या पेन्सिल्व्हेनियात हरणांचा एक निराळा सीझन उघडतो. फक्त चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या, बंदुकांचा. म्हणजे ठासणीची तर हवीच, पण केपवाली (फुटणारी तांब्याची टोपी लावायची) चालत नाही, हल्लीची इनलाइन (थेट मागून बार पेटवणारी आधुनिक) चालत नाही, वर दुर्बीण लावलेली चालत नाही. बंदूक १८०० सालाआधीच्या घडणीची किंवा तिची नक्कल, .४४ किंवा त्याहून मोठ्या कॅलिबरची, उघड्या साइटची, आणि एका बाराला गोळी एकच. १९७४ पासून हे चालू आहे.

मी बरीच वर्षं रायफल सीझनला जातोय. पण पहिल्या दिवशी गेम लँडच्या (सरकारी शिकारी रानाच्या) पार्किंगमध्ये दादरच्या फलाटासारखी गर्दी असते आणि नऊ वाजेपर्यंत सगळी हरणं लॉरेलच्या झुडपांत गडप. नाताळानंतर तिथे चिटपाखरू नसतं. बर्फावर पावलं स्पष्ट दिसतात. शिवाय नराचा टॅग (एक नर मारायच्या परवानगीची चिठ्ठी) शिल्लक असेल तर या सीझनला त्यावर मादीही चालते. त्यामुळे डोक्यात किडा वळवळत होताच.

शेजारचे आजोबा गुडघ्यांमुळे आता डोंगर चढत नाहीत. त्यांनी त्यांची .५० ची लांब नळीची रायफल काढून माझ्या हातात ठेवली, वर दारूचं माप, गोळ्या, गोळीभोवती गुंडाळायचे कापडी पॅच आणि गारगोट्यांची चामडी पिशवी. बंदूक बघून राहावेना. मेपलचा दस्ता, त्यावर वाघासारखे पट्टे, पितळेची पॅचपेटी. लँकेस्टरच्या जर्मन कारागिरांनी अठराव्या शतकात ज्या रायफली घडवल्या त्यांचीच ही नक्कल, पण हाताने केलेली.

रेंजवर जाऊन आलो. ७० ग्रेन थ्री-एफ (बारीक दाण्याची) काळी दारू, .४९० ची शिशाची गोळी, तेल लावलेला सुती पॅच, पॅनमध्ये, म्हणजे नळीबाहेरच्या छोट्या वाटीत, आणखी बारीक फोर-एफ रंजक, म्हणजे आधी पेटणारी चिमूटभर दारू. चाप ओढला की आधी खट्ट, मग गालाजवळ फुस्स, आणि मग धडाम. तिन्ही वेगवेगळे ऐकू येतात. अधूनमधून नुसतंच फुस्स होतं, बार आत तसाच. २५ यार्डांवर गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसतात. ५० वर मात्र डावीकडे पांगतात.

कागदावर हे सगळं गमतीचं आहे. जनावरावर नेम धरायचा तर हे धडाम भरवशाचं हवं. ते कसं करायचं? आणि बर्फात, दमट हवेत रंजक कोरडी कशी ठेवता? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अबोली

वाचतेय. पॅचपेटीचा फोटो टाका ना!

मिनेसोटा_मामा

पंत, तुमची बंदूक ठीक आहे. फुस्स वेगळं ऐकू येतंय म्हणजे रंजक वातीसारखी जळतेय. पॅन काठोकाठ भरता का? मग रंजक कानावर, म्हणजे पॅनमधून नळीत जाणाऱ्या बारीक भोकावर, चढते, कानातल्या दारूतून जळत जळत आत पोचते आणि त्यात वेळ जातो. पॅन जेमतेम तिसरा हिस्सा भरा. झाकण लावलं की बंदूक बाहेरच्या अंगाला किंचित कलती करून बोटाने दोनदा टकटक करा, रंजक कानापासून लांब सरकते. आतला बार पेटवायचा आहे भडक्याच्या आचेने. कान मोकळा असेल तर ती आच थेट आत घुसते आणि खट्ट-फुस्स-धडाम मिळून एकच आवाज येतो.

दुसरं, बार भरताना कानात दात कोरायची काडी किंवा पक्ष्याचं पीस खुपसून ठेवा. दारू ओतली, गोळी गजाने तळापर्यंत ठासली, की मग काडी काढा. आत दारूत एवढीशी पोकळी राहते, तिथे आच लागते. माझ्या पाहण्यात फुसके बार सगळ्यात जास्त याच एका गोष्टीने थांबले.

गारगोटी. चामड्याच्या तुकड्यात घट्ट धरा, लोखंडी जबड्यात नुसती धरली तर सरकते. तिची धार फ्रिझनला (गारगोटी जिच्यावर आपटते ती पोलादी पट्टी, तीच पॅनचं झाकण) सगळ्या रुंदीभर एकदम टेकली पाहिजे. एक कोपरा आधी टेकला तर ठिणग्या निम्म्या. फ्रिझनच्या वरच्या भागावर घासायला सुरुवात होऊन ती खाली पॅनपर्यंत आली पाहिजे. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात ब्रँडन म्हणून गाव आहे, तिथली काळी गारगोटी पूर्वी सगळ्या ब्रिटिश फौजेला जायची. अजूनही मिळते, मी तीच वापरतो. आणि फ्रिझनच्या तोंडाला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलं की ठिणगी मंदावते. जंगलात जाताना खिशात अल्कोहोलचे पुसणे ठेवा.

डावीकडे पांगणाऱ्या गोळ्यांचं कारण बंदुकीत कमी आणि माणसात जास्त असतं. गालाजवळ भडका उडाला की पापणी मिटते, खांदा चोरला जातो, आणि गोळी अजून नळीतच असते. आधुनिक रायफलला ते खपून जातं, इथे नाही. गारगोटीच्या जागी तेवढ्याच आकाराचा लाकडाचा तुकडा बसवा आणि घरात रिकाम्या बंदुकीवर रोज चाप ओढायचा सराव करा. धडाम होऊन गेल्यावरही साइट लक्ष्यावर धरून ठेवायची सवय लागेपर्यंत.

आणखी एक. बार उडाल्यावर पुढे जाऊन पडलेले पॅच उचलून बघता का? तुमचं निम्मं उत्तर जमिनीवर पडलेलं असतं. मधोमध गोल काळा डाग आणि कडांना थोडे उसवलेले धागे, म्हणजे उत्तम. मध्ये भोक जळलंय, म्हणजे पॅच पातळ आहे किंवा तेल कमी. आडवा फाटलाय, म्हणजे नळीच्या तोंडाची कड धारदार आहे.

पंत_पोकोनोवाले

मामा, दंडवत. पॅच उचलायचं डोक्यातच नव्हतं. उद्याच जातो.

@अबोली, फोटो आजोबांना विचारून टाकतो, बंदूक त्यांची आहे.

इतिहासवेडा

छान धागा. थोडं अवांतर करतो, पंतांनी माफ करावं.

काळ्या दारूत ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक. कोळसा आणि गंधक कुठेही मिळतं, घोडं अडायचं सोऱ्यावर. आणि जगातला सगळ्यात चांगला सोरा यायचा आपल्या बिहारमधून. पाटण्याच्या आसपास नोनिया लोक मातीतून तो काढायचे. डच आणि इंग्रज कंपन्यांची गलबतं तो भरून न्यायची. अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६१ साली उत्तरेकडचा सोरा संपत आला तेव्हा दारू बनवणाऱ्या ड्यू पाँट घराण्यातल्या लॅमॉट ड्यू पाँटला गुपचूप लंडनला धाडलं होतं, हिंदुस्तानातून आलेला सोरा विकत घ्यायला. तेवढ्यात ट्रेंट जहाजाचं प्रकरण झालं (उत्तरेच्या नौदलाने त्या ब्रिटिश जहाजावरून दक्षिणेचे दूत पकडले), इंग्लंड आणि अमेरिका हातघाईवर यायच्या बेतात आले आणि इंग्रजांनी निर्यातच बंद केली. प्रकरण मिटलं तेव्हा कुठे माल सुटला. पंत, ड्यू पाँटची पहिली दारूची गिरणी १८०२ ची, तुमच्या शेजारच्या डेलावेरमध्ये ब्रँडीवाइन ओढ्याकाठी. आता तिथे हॅग्ली म्युझियम आहे, पाहून या.

आपल्याकडे मावळ्यांच्या हातात असायची ती तोडेदार बंदूक, जळत्या वातीची. चकमकीच्या बंदुका पलटणीच्या पलटणीला दिसतात त्या महादजी शिंद्यांसाठी द बॉयन या युरोपियन सेनानीने उभ्या केलेल्या कवायती फौजेत. पावसात वात विझते हे ज्याने एकदा अनुभवलं, त्याला चकमकीचं महत्त्व सांगावं लागत नसणार.

शाकाहारी_वाघ

माहिती रोचक आहे, पण एक कळत नाही. दुकानात मटण मिळत असताना जंगलात जाऊन हरणाला मारण्यात कसली मजा? त्यातून असल्या बेभरवशाच्या बंदुकीने? जनावर जखमी होऊन पळालं तर? भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली ते उगाच नाही.

कुडाळकर

वाघोबा, तुमचा दुसरा प्रश्न रास्त आहे. पहिला नेहमीचा.

आमच्या सिंधुदुर्गात अजून घरोघरी ठासणीच्या बंदुका आहेत, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. केपाच्या, चकमकीच्या नव्हेत. रानडुकरं एका रात्रीत भाताचा कोपरा लोळवून जातात, ते पाहिलंय का कधी? आणि कधी निवडणूक लागली की त्याच बंदुका पोलीस ठाण्यात जमा. डुकरांना आचारसंहिता नसते.

पंत, रंजक कोरडी ठेवायचं विचारलंत. आमचे आजे पावसात बंदूक खांद्यावर नळी खाली करून न्यायचे आणि केपाभोवती मेण दाबायचे. तुमच्याकडे पॅनच्या कडेला मेण चालेल असं वाटतं. मामा सांगतील.

मिनेसोटा_मामा

कुडाळकर, अगदी बरोबर. पॅनच्या कडेला मऊ मेणाची किंवा चरबीची पातळ रेघ द्यायची, झाकण त्यावर दाबलं की फट बुजते. फक्त फ्रिझनच्या तोंडाला लागू द्यायची नाही. शिवाय चापाच्या सगळ्या यंत्रणेवर बांधायचं चामड्याचं आवरण मिळतं, ते वापरा. एवढं करूनही रंजक दमट होतेच. कारण आधीच्या बाराची राख पॅनमध्ये राहते आणि ती हवेतलं पाणी ओढते. पिठासारखी मोकळी वाहणारी रंजक गोळा व्हायला लागली की कळतं. मी साधारण तासातासाने पॅन पुसून नवी रंजक घालतो. बर्फ पडत असेल तर त्याहून लवकर.

एक गोष्ट नवखे लोक हटकून करतात: गारठलेली बंदूक रात्री उबदार घरात आणतात. नळीच्या आत घाम सुटतो आणि सकाळी बार मेला. तिला थंडीतच राहू द्या, कुलूपबंद गॅरेजमध्ये, अर्थात बार काढून.

वाघ, तुमच्यासाठी. बेभरवशाची म्हणूनच अंतर कमी ठेवायचं. गोल गोळी हवेत झपाट्याने मंदावते. .५० ची गोळी नळीतून सुटताना जेवढा जोर घेऊन निघते त्यातला १०० यार्डांवर तिसरा हिस्सा उरतो. म्हणून मी ५० च्या पुढे चाप ओढत नाही, आणि हरीण आडवं उभं नसेल तर ५० च्या आतही नाही. दुसरा बार भरायला अर्धा मिनिट लागतो, तोही हात गारठलेले नसतील तर. पहिला चुकला की खेळ खलास हे माहीत असलेला माणूस उगाच गोळ्या झाडत नाही. स्कोपच्या रायफलीने ३०० यार्डांवर धावत्या कळपात मॅगझिन रिकामं करणारेही मी पाहिलेत. जखमी जनावरं कुणाची जास्त होत असतील ते तुम्हीच ठरवा.

पंत_पोकोनोवाले

वाघ, थोडं माझ्याकडूनही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेन्सिल्व्हेनियात हरणं जवळजवळ संपली होती, बेसुमार शिकारीने आणि जंगलतोडीने. १९०६ पासून मिशिगनहून वगैरे आणून सोडली. लांडगे आणि कूगर आधीच संपलेले. आता हरणं इतकी आहेत की राज्यात वर्षाला चार लाखांच्या वर मारली जातात आणि तरी ओकची रोपं वर येत नाहीत, कुंपण घातलेला तुकडा आणि बाहेरचं जंगल शेजारी शेजारी पाहिलं की फरक दिसतो. भारतातली परिस्थिती वेगळी, तिथला कायदा योग्यच आहे. आणि हो, मजा येते. ते नाकारत नाही.

शाकाहारी_वाघ

मजा येते हे कबूल केलंत ते आवडलं. बाकी मतभेद कायम. वाचत राहीन.

न्यूजर्सी_नाना

एक महत्त्वाची गोष्ट कुणी बोललं नाही. एच-वन किंवा तशा व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. काळ्या दारूची ठासणीची बंदूक फेडरल व्याख्येत बंदूक म्हणून धरतच नाहीत, पुरातन वस्तूत धरतात. म्हणून पोरं ऑनलाइन मागवतात आणि खुशाल राहतात. पण राज्याचा कायदा निराळा! आमच्या जर्सीत ठासणीचीही बंदूकच समजतात आणि घ्यायला ओळखपत्र लागतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्यांनी तरी वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नये. पेन्सिल्व्हेनियात पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला प्रशिक्षणाचा कोर्सही करावा लागतो, आणि साध्या परवान्यावर ठासणीचा वेगळा परवाना घ्यावा लागतो.

मिनेसोटा_मामा

नाना, बरं झालं बोललात. मग सुरक्षेचंही एकदाच बोलून टाकतो.

दारू डब्यातून थेट नळीत कधीही ओतायची नाही. आधीच्या बाराची ठिणगी आत धुमसत असली तर अख्खा डबा हातात फुटतो. आधी मापात, मग नळीत. गोळी दारूवर घट्ट टेकली पाहिजे; मध्ये हवा राहिली तर नळी फुगते. गजावर खूण करून ठेवा, बार भरलेला असताना गज किती बाहेर राहतो त्याची. खूण दिसली नाही की थांबायचं. फुस्स झालं आणि बार उडाला नाही तर बंदूक लक्ष्याकडेच रोखून निदान मिनिटभर उभं राहायचं. आणि उजव्या बाजूला कुणालाही उभं करायचं नाही. नळीच्या कानातून आगीची आडवी जीभ बाहेर येते, माणसाची बाही जळते. चष्मा घाला. नारिंगी जॅकेट कायद्याने लागो न लागो, घाला.

आणि दुकानातली काळ्या दारूला पर्याय म्हणून विकतात ती पावडर चकमकीला चालत नाही. तिला पेटायला जास्त उष्णता लागते, केपने पेटते, रंजकीने धड पेटत नाही. पंतांकडे खरी आहे म्हणून मघाशी बोललो नाही.

अबोली

मामा, एक भाबडा प्रश्न. एवढी झंझट आहे तर केपवाली का नको? ती तर जुनीच ना?

इतिहासवेडा

जुनी म्हणजे चकमकीपेक्षा तरुण. एका स्कॉटिश पाद्र्याने, अलेक्झांडर फॉर्सिथने, १८०७ मध्ये चकमकीऐवजी फुटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं. म्हणे त्याच्या बंदुकीतल्या रंजकेचा भडका बघून बदकं उडून जायची! तांब्याच्या टोप्या त्यानंतर आल्या. म्हणूनच पेन्सिल्व्हेनियाने १८०० ची रेघ मारली असावी असं वाटतं.

मिनेसोटा_मामा

अबोलीताई, बऱ्याच राज्यांत केपवाली चालते, इनलाइनही चालते. १९८५ साली इनलाइनची पहिली गाजलेली बंदूक आली आणि ठासणीचे सीझन हळूहळू दुर्बिणीच्या, २०० यार्डांच्या बंदुकांनी भरून गेले. पेन्सिल्व्हेनियात त्यांच्यासाठी ऑक्टोबरचा वेगळा सीझन आहे. नाताळानंतरचा तेवढा त्यांनी चकमकीसाठी राखला. माझ्या मते शहाणपणा केला.

पंत_पोकोनोवाले

मंडळी, जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

रेंजवर मामांचं सगळं केलं. पॅन कमी भरलं, कानात काडी घातली, गारगोटी चामड्यात बसवली. खट्ट आणि धडाम यांत आता फट उरली नाही. पॅचला मध्ये भोक पडत होतं, जाड कापडाचे घेतले आणि दारू ७० ची ६५ केली. ५० यार्डांवर गोळ्या बशीएवढ्या जागेत आल्या. तेवढं पुरे.

सीझनला आम्ही चौघे. इथे या दिवसांत छोटा हाका घालतात. दोघं लॉरेलच्या रानातून सावकाश चालत येतात, आरडाओरडा नाही, आणि दोघं पलीकडच्या खिंडीत उभे. मी हेमलॉकच्या बुंध्याला टेकून उभा होतो. हवेत ओल होती, बर्फ झाडांवरून टपटपत होता. रंजक बदलली, चामडं परत बांधलं. हाकेवाल्यांची नारिंगी टोपी दिसायच्या आधीच तीन माद्या झुडपाबाहेर आल्या. पळत नव्हत्या, मागे वळून वळून बघत चालत होत्या. सगळ्यात मागची आडवी थांबली, चाळीस यार्ड असेल. चामडं ओढून काढलं, घोडा पूर्ण चढवला.

मग काय झालं ते मला दिसलंच नाही. ओल्या हवेत धूर हलत नाही, समोर पांढरी भिंत. खाली वाकून धुराखालून बघितलं तर दोन शेपट्या उडत चाललेल्या. तिसरी कुठे गेली कळेना. आधी बार भरून घेतला, हात थरथरत होते म्हणून गजाची खूण दोनदा बघितली. अर्धा तास थांबलो. बर्फावर रक्त आधी थेंब थेंब, मग दोन्ही बाजूंना. ऐंशी-नव्वद पावलांवर पडलेल्या झाडापलीकडे ती होती. गोळी बरगड्यांतून आरपार गेलेली. टॅग तिथेच भरून बांधला.

दुपारी मित्राला नर दिसला, पंचविसावर. खट्ट झालं, ठिणगीच नाही. नराने मान वर करून त्याच्याकडे बघितलं, पुन्हा खट्ट, मग तो निघून गेला. फ्रिझन ओलं होतं. मित्र अजून बोलत नाहीये.

कुडाळकर

अभिनंदन पंत! मित्राला सांगा, आमच्याकडे असं झालं की रानडुक्कर निघून जात नाही, अंगावर येतं.

अबोली

अभिनंदन! मटणाचं काय केलंत?

पंत_पोकोनोवाले

मांडीचा काही भाग आजोबांना. पाठीचे लांब तुकडे कोल्हापुरी मसाला लावून तव्यावर, आतून गुलाबी असतानाच उतरवायचे, नाहीतर चिवट होतात. खांदा कुकरमध्ये, पांढरा रस्सा केला. हरणाच्या मांसात चरबी अगदी कमी, त्यामुळे खिमा करताना थोडी वेगळी चरबी घालावी लागते. हरणाची स्वतःची पांढरी चरबी मात्र सगळी काढून टाका, तोंडात मेणासारखी बसते. ज्यांना एवढं नको असेल त्यांच्यासाठी इथे शिकाऱ्यांनी मांस अन्नपेढीला द्यायची सोय आहे, ती १९९१ पासून चालू आहे.

मिनेसोटा_मामा

रस्सा नंतर. बंदूक धुतली का?

पंत_पोकोनोवाले

त्याच रात्री, मामा. गरम पाणी, भांड्याचा साबण, कान उघडून नळी धुतली, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग कोरडी करून तेल. दुसऱ्या दिवशी पॅच घालून बघितला, किंचित तांबूस आला, पुन्हा तेल लावलं. काळ्या दारूची राख एका रात्रीत गंज धरते हे आजोबांनी दहादा बजावलं होतं.

आता आजोबा बंदूक विकायला तयार नाहीत, आणि मला स्वतःची हवी आहे. .५४ बघतोय, गोल गोळीसाठी आतल्या पिळदार खाचांचा ६६ इंचांत एक फेरा असलेल्या नळीची. ४८ इंचांत एक फेरा असलेली स्वस्तात मिळतेय, पण ती गोल आणि लांबट गोळ्यांमधली तडजोड, मामा म्हणतील ना घर का ना घाट का. मित्र डावखुरा आहे, त्यालाही डाव्या बाजूला गारगोटी आणि पॅन असलेली हवी, उजवीचा भडका त्याच्या तोंडासमोर येतो. कुणाच्या माहितीत वापरलेली असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. किंमत धाग्यावर नको.

मिनेसोटा_मामा

४८ वाली घेऊ नका असं म्हणणार नाही, बरेच जण तिनेच गोल गोळी सुरेख मारतात. दारू जरा कमी ठेवावी लागते एवढंच. डावखुऱ्याची माझ्याकडे एक आहे, .५०. व्यनि करतो.